वॉर्डात आलेला फोन

ती घटना विसरायची असं मी कधी ठरवलं नाही, आणि ठरवलं असतं तरी ते जमलं नसतं. निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, साहेब, तुमच्या हाताखालून गेलेली सगळ्यात मोठी केस कोणती? त्यांना दरोडा किंवा टोळीयुद्ध ऐकायचं असतं. मला मात्र अंधेरी पूर्वेतलं औषधशास्त्राचं एक कॉलेज आठवतं, तिथली उंदरांच्या पिंजऱ्यांची खोली आठवते, आणि एकमेकींच्या बहिणी म्हणवणाऱ्या दोन बायका आठवतात. नाव मी कुणाचंच देणार नाही. ज्यांना जे सोसायचं होतं ते त्यांनी सोसलं आहे.

तेव्हा मी त्या भागातल्या पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी झाली होती, स्टेशन डायरीवर नजर टाकून मी सह्या करत बसलो होतो. तेवढ्यात आमच्या महिला उपनिरीक्षक जवळच्या हॉस्पिटलमधून आलेला एमएलसीचा कागद घेऊन आत आल्या. ज्या रुग्णाबद्दल पोलिसांना कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक असतं, त्या प्रकरणाचा तो कागद. विवाहित तरुणी, विषबाधेचा संशय, प्रकृती गंभीर.

"साहेब, सासरचं काहीतरी असणार," उपनिरीक्षक म्हणाल्या. माझ्याही मनात तेच आलं. असा कागद आला की दहातल्या नऊ वेळा तपास माहेर आणि सासर यांच्यामध्येच फिरतो.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं ते मात्र वेगळं होतं. मुलगी त्या कॉलेजात संशोधन करत होती. काही दिवस अंगात कसकस, मळमळ, अन्नावरची वासना गेलेली, आणि मग एका दुपारी ती प्रयोगशाळेतच चक्कर येऊन पडली. तिला इथे आणलं तेव्हा डोळे पिवळे व्हायला लागले होते. यकृताला जबर मार बसला आहे हे तपासण्यांतून दिसत होतं, पण कशाने ते कळत नव्हतं. तिला घेऊन आलेल्या कॉलेजच्या मंडळींनी एक अंदाज सांगितला. मुलगी एका वनस्पतीच्या अर्कावर काम करत होती, तिच्या बॅगेत त्याच अर्काची बाटली सापडली होती. तिने तो स्वतःवरच करून पाहिला असावा. डॉक्टरांनाही ते पटलं होतं.

मग दाखल केल्याच्या दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या फोनवर एका बाईचा फोन आला. नाव न सांगता ती नर्सला म्हणाली, "त्या मुलीच्या रक्तात पॅरासिटामॉल तपासा. उतारा लगेच सुरू करा, वेळ घालवू नका." एवढं बोलून तिने फोन ठेवला. दाखल करताना घेतलेलं रक्त शिल्लक होतं. तपासलं, आणि तेच निघालं. तापावर आपण सगळे घेतो ती गोळी जास्त प्रमाणात पोटात गेली तर यकृत जाळून टाकते, हे मला तेव्हा नीट कळलं. त्यावर उतारा असतो, तो शिरेतून देतात, आणि तो लवकर सुरू झाला तर माणूस वाचतो.

"हा फोन आला नसता तर?" मी विचारलं.

"आम्ही काविळीवरच उपचार करत बसलो असतो," डॉक्टर म्हणाले. प्रामाणिक माणूस होता.

मुलगी अशक्त होती, पण शुद्धीवर होती. उपनिरीक्षकांनी तिच्या उशाशी बसून जबाब घेतला. आपण एकही गोळी घेतली नाही आणि अर्कही कधी घेतला नाही, असं ती ठामपणे म्हणाली. बॅगेतली बाटली कुठून आली हे तिला माहीत नव्हतं. जीव देण्याबद्दल विचारलं तेव्हा तिला रागच आला. तिचा प्रबंध संपत आला होता. तो विषय निघाला तशी त्या अवस्थेतही ती उठून बसायला बघत होती. औषधांनी यकृताला होणारी इजा हा तिचा विषय. उंदरांना आधी पॅरासिटामॉलच जास्त देऊन त्यांचं यकृत बिघडवायचं, आणि त्यातल्या काहींना वनस्पतीचा अर्क देऊन ते वाचतं का हे पाहायचं. तिच्या गावाकडे काविळीवर एक पाला पिळून देतात, तिने तोच घेतला होता आणि तिला फार चांगले निकाल मिळाले होते. त्या वनस्पतीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. वाचून कुणीतरी घरी काढे करत बसेल.

म्हणजे जे विष ती उंदरांना देत होती, तेच तिच्या अंगात सापडलं होतं.

वॉर्डाबाहेर तिचे वडील उभे होते. मूळचे मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम करून त्यांनी मुलीला शिकवलं होतं, घाटकोपरला राहत होते. माझे हात धरून ते म्हणाले, "सायबानू, माझ्या चेडवाक काय झाला, ता माका कळाक व्हया." माझ्या मुलीचं काय झालं ते मला कळलंच पाहिजे, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. जावयाकडे मात्र त्यांनी पाहिलंही नाही. तो पलीकडच्या बाकावर बसला होता.

साहजिकच मी जावयापासून सुरुवात केली. अंधेरीतल्याच औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या ऑफिसात तो नोकरीला होता, दोघं बोरिवलीला राहत. शेजाऱ्यांनी सांगितलं की घरात रोज भांडणं असतात, आवाज जिन्यापर्यंत येतो. तो बायकोचा फोन तपासायचा, कॉलेजच्या गेटवर न सांगता जाऊन उभा राहायचा. संशय घ्यायला याहून जास्त काय लागतं? त्याला ठाण्यात बोलावून समोर बसवलं. मी फार फिरवून विचारलं नाही. बायकोवर जळता का, एवढंच विचारलं.

तो लगेच म्हणाला, "जळायचो. हो, जळायचोच. घरी आली तरी डोक्यात उंदीर. सणाला पण लॅब. तिच्या सरांचा फोन आला की हिचा चेहरा उजळतो, माझा आला की बिझी आहे. भांडायचो मी साहेब, मोठ्याने भांडायचो. पण तिला काही झालं तर मी कुणाशी भांडू?"

असं उत्तर मी पूर्वी ऐकलं नव्हतं. तरी सुटका नव्हती, मी विचारत राहिलो. घरी ती काय खायची, काय प्यायची? त्यावर तो आणखी चिडला. हल्ली तिला घरचं काही जातच नव्हतं, म्हणाला. घसा धरला होता, खोकला होता, म्हणून त्याने हळदीचं दूध करून दिलं तर तेही नको. पण कॉलेजातल्या ताईंचा काढा मात्र ती रोज न चुकता प्यायची. ताई फ्लास्क भरून आणतात, ताईंनी असं सांगितलंय, ताईंनी तसं सांगितलंय. हे सांगताना त्याचा आवाज इतका कडवट झाला की त्याने मला धागा दिला आहे हे त्याच्या लक्षातही आलं नाही. सरांवर जळत होता तसाच तो ताईंवरही जळत होता, आणि म्हणूनच त्याच्या लक्षात तो काढा राहिला होता.

इकडे उपनिरीक्षकांनी वॉर्डात आलेल्या फोनचा नंबर काढला. तो कॉलेजचा होता, तिच्याच विभागाच्या ऑफिसातला. नवऱ्याला मी घरी सोडलं आणि आम्ही कॉलेजात गेलो.

फोनबद्दल तिथे कुणालाच माहिती नव्हती. डॉक्टर आणि नर्सला मी गप्प राहायला सांगितलं होतं. कॉलेजच्या दृष्टीने मुलीने आपलाच अर्क पिऊन हे ओढवून घेतलं होतं, आणि तो विषय तिथे मिटला होता. तिचं काम थांबवलं होतं, अर्काच्या बाटल्या कपाटात बंद केल्या होत्या. विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत, मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "अर्कामुळेच झालं ना हो? आता या वनस्पतीला कोण हात लावणार?" विद्यार्थीही तेच विचारत होते. ज्याच्याशी बोलावं तो आधी हाच प्रश्न करायचा.

मग ताई भेटल्या. चाळिशी ओलांडलेल्या, मुलुंडच्या चांगल्या घरातल्या, बोलायला अतिशय नेमस्त. विभागातल्या सगळ्यात जुन्या संशोधक. मुलगी नवीन आली तेव्हा उंदीर हातात कसा धरायचा इथपासून तिला सगळं त्यांनी शिकवलं होतं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. आपण वॉर्डात तिला बघून आलो, पोरगी फार गुणी आहे, असं त्या म्हणाल्या. काढ्याबद्दल विचारलं तर घशासाठी साधा काढा देत होते, मीही प्यायचे, असं सहज सांगितलं. सगळी उत्तरं सरळ होती. पण ठाण्यावर परतताना जीपमध्ये उपनिरीक्षक म्हणाल्या, "साहेब, या बाईंनी आपल्याला काहीच विचारलं नाही."

खरं होतं. कशामुळे झालं, हा सगळ्यांच्या तोंडचा प्रश्न त्यांच्या तोंडून आला नव्हता. ज्याला उत्तर माहीत असतं तो प्रश्न विचारायला विसरतो.

कॉलेजच्या जिन्यावरच्या कॅमेऱ्यात, वॉर्डात फोन आला त्या सुमाराला ताई एकट्याच विभागाच्या ऑफिसात जाताना आणि बाहेर येताना दिसत होत्या. पण ऑफिसात जाणं हा गुन्हा नाही. काढा पिऊन संपला होता, फ्लास्क कॉलेजात मिळाला नव्हता. त्यांनी सगळं नाकारलं असतं तर माझ्या हातात फार काही नव्हतं.

पोलीस खात्यात मी एक गोष्ट खूप वेळा पाहिली आहे. शिक्षा झाली तर माणूस कुरकुरतो आणि गप्प बसतो, पण आपण केलेल्या कामावर दुसऱ्याचं नाव लागलं तर तो कधीच गप्प बसत नाही. बंदोबस्तात उन्हात उभा राहिलेला एक, आणि वर्तमानपत्रात फोटो दुसऱ्याचा. त्यावरून चांगले समजूतदार अधिकारी एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलेनासे झालेले मला माहीत होते. रात्रभर तेच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी ताईंना सकाळी ठाण्यात बोलावलं. उपनिरीक्षक शेजारी बसल्या होत्या. चहा मागवला. मी म्हणालो की मुलगी आता धोक्याबाहेर आहे, मुख्य चौकशी संपत आली आहे, तुम्हाला जास्त वेळ अडकवणार नाही. त्यांनी मान हलवली. मग मी सांगितलं की अर्काचा काही संबंध नव्हता, पोटात पॅरासिटामॉल गेलं होतं, आणि कुणीतरी वॉर्डात फोन करून डॉक्टरांना ते सुचवलं म्हणून ती वाचली.

"तुमच्या सरांची कमाल आहे," मी म्हणालो. "लांबून लक्षणं ऐकून त्यांनी ओळखलं. एका विद्यार्थिनीकडून त्यांनी तो फोन करवला असणार. आम्ही कॉलेजला तसं लेखी कळवणार आहोत. त्यांचा सत्कार व्हायला हवा."

त्यांनी तोंडाकडे नेलेला कप परत टेबलावर ठेवला.

"सरांनी?" त्या म्हणाल्या.

"मग आणखी कुणाला सुचणार?"

"सरांना सुचलं असतं?" त्यांचा आवाज बदलला होता. "सरांनी कित्येक वर्षांत मायक्रोस्कोपखाली एक स्लाइड स्वतः पाहिलेली नाही. स्लाइड मी बघायची, लिहायचं मी, आणि परिषदेत उभं राहून वाचायचं त्यांनी. आता हेही त्यांनीच केलं का? फोन मी केला. ती माझ्यामुळे वाचली."

उपनिरीक्षकांचं लिहिणं थांबलं. ताईंनाही आपण काय बोलून गेलो ते कळलं. त्या रडल्या नाहीत. कप बाजूला सरकवला आणि पदर नीट केला. वकील बोलवायचा असेल तर बोलवा, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी नको म्हटलं.

मग त्या बोलल्या, आणि पोलीस ठाण्यात माणसं सहसा बोलत नाहीत इतकं सविस्तर बोलल्या. त्यांची स्वतःची एक वनस्पती होती. तारुण्य त्यांनी तिच्यावर घालवलं होतं. पहिल्या काही प्रयोगांत यकृत वाचताना दिसलं, मग तेच प्रयोग पुन्हा केले तर काहीच दिसेना. असं होतं, शास्त्रात असंच चालतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती आणि ती पटलीही होती. मग ही मुलगी गावाहून पाला घेऊन आली. पहिल्याच फेरीत तिच्या उंदरांची यकृतं स्वच्छ निघाली. विभागाच्या बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या खोलीत ताईंसाठी टाळी कधी वाजली नव्हती.

"ती सगळ्यांच्या आधी मलाच दाखवायला आली होती," त्या म्हणाल्या. "ताई, बघा ना, म्हणाली. मी बघितलं आणि तिला मिठी मारली. मिठी मारतानाच मला कळलं की मला हिचं चांगलं झालेलं बघवत नाही."

त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. मुलीचा घसा धरला तेव्हा त्यांनी काढा आणायला सुरुवात केली. तो मुळातच कडू, त्यात प्रयोगशाळेतल्या पॅरासिटामॉलच्या भुकटीची चव लागणार नव्हती. मुलगी आजारी पडली की बॅगेत अर्काची बाटली सापडेल, लोक म्हणतील की अर्कानेच घात केला, आणि त्या वनस्पतीचं नाव कायमचं खराब होईल. बाटलीही त्यांनीच ठेवली होती.

"मला तिला मारायचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तिचं झाड मारायचं होतं."

"मग फोन का केलात?" उपनिरीक्षकांनी विचारलं.

त्या बघायला गेल्या तेव्हा मुलीचे डोळे हळदीसारखे झाले होते. तिने ताईंचा हात धरला आणि म्हणाली, माझ्या उंदरांना पाणी द्यायला सांगा हं ताई, दुसऱ्या कुणावर भरवसा नाही माझा. ताई तिथून थेट कॉलेजात आल्या, तिच्या उंदरांना पाणी दिलं, आणि मग ऑफिसात जाऊन फोन उचलला.

पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हे सर्वसामान्य वाचकांना बहुधा माहीत नसतं. पुढचं काम रीतसर करावं लागतं. गुन्हा नोंदवून अटक केली. ताईंनी त्यांच्या मुलुंडच्या घरी माळ्यावर ठेवलेला फ्लास्क पंचांसमोर काढून दिला. त्यांनी तो धुतला होता, पण झाकणाच्या आतल्या रबरात काढा मुरलेला होता. पंचनामा करून तो सीलबंद केला आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला, त्यात भुकटीचा अंश सापडला. कॅमेऱ्यातलं चित्रण होतं, नर्सने आवाज ओळखला, मुलीचा आणि नवऱ्याचा जबाब होता. दोषारोपपत्र पक्कं झालं.

मुलीला सांगायचं काम माझ्यावर आलं. नवरा तिच्या पायथ्याशी बसला होता. तिने ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. ताई असं करणार नाहीत, तुमची काहीतरी चूक होतेय. मी फ्लास्कचं सांगितलं, मग फोनचं सांगितलं. फोनचं ऐकल्यावर तिने भिंतीकडे तोंड केलं. नवऱ्याने तिच्या अंगावरची चादर नीट केली. त्याला ताई कधीच आवडल्या नव्हत्या, पण त्या दिवशी तो त्यांच्याबद्दल एक शब्दही बोलला नाही.

खटल्यात मुलीने सरळ साक्ष दिली. काढा कोण देत होतं ते सांगितलं, आणि बचाव पक्षाने न विचारता हेही सांगितलं की वेळेवर फोन आला म्हणून मी इथे उभी आहे. न्यायालयाने ताईंना दोषी ठरवलं, शिक्षा देताना त्या फोनचा विचार केला.

तोपर्यंत मी निवृत्त झालो होतो, तरी निकालाच्या दिवशी गेलो. आदल्या आठवड्यातच मुलीशी बोलणं झालं होतं. कॉलेजने तिचं काम पुन्हा सुरू करून दिलं होतं, तिला पदवी मिळाली होती. पण मोठ्या प्रमाणावर पुन्हा प्रयोग केले तेव्हा तिच्या वनस्पतीचा गुण पहिल्यासारखा दिसला नाही. ताईंच्या वनस्पतीचं झालं होतं तेच. तिने मला ते अगदी सहज सांगितलं. "साहेब, असं होतं. बहुतेक वेळा असंच होतं. आता दुसरं घेतलंय हातात." ज्या यशाने एका शहाण्या बाईला इथवर आणलं ते यश मुळात टिकणारंच नव्हतं.

एवढ्या नोकरीत मत्सराची अनेक रूपं पाहिली. परक्याच्या बंगल्यावर फारसं कुणी जळत नाही. शेजारच्या टेबलावरचा, आपल्या हाताखाली शिकलेला, आपल्यासारखंच काम करणारा माणूस पुढे गेला की ते सलतं, कारण त्याचं काम किती चांगलं आहे हे आपल्याइतकं कुणालाच कळत नसतं. त्या नवऱ्याचा मत्सर जिन्यापर्यंत ऐकू यायचा, म्हणून मी आधी त्याच्या मागे लागलो. ताईंचा कुणालाच ऐकू आला नाही. पुढे अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात बोलायला बोलावलं की मी सांगायचो, घरात आरडाओरडा करणाऱ्याची चौकशी जरूर करा, पण रोज प्रेमाने काही ना काही आणून देणाऱ्यालाही दोन प्रश्न विचारा.

निकालानंतर ताईंना बाहेर आणलं तेव्हा मी व्हरांड्यात उभा होतो. शिक्षा ऐकताना त्या शांत होत्या, दुसऱ्याच कुणाचं काहीतरी वाचलं जातंय असं वाटावं इतक्या. मला पाहून थांबल्या. महिला पोलिसांनी मला ओळखलं आणि त्यांना थांबू दिलं. मुलीची तब्येत कशी आहे असं विचारतील, तिच्यासाठी माफीचा निरोप वगैरे देतील, असं मला वाटलं.

"तिच्या वनस्पतीचं पुढे काय झालं?" त्यांनी विचारलं.

खरं सांगितलं असतं तर त्यांना किती बरं वाटलं असतं हे मला कळत होतं. ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं नव्हतं.

"तिचं काम चालू आहे," मी म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं.

त्यांचा चेहरा आक्रसला. शिक्षा ऐकताना तो तसा आक्रसला नव्हता.